मागच्या कॉकपिटमधलं युद्ध

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं ते आडवळणाचं गाव आपल्या घराघरांत पोचलं. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये काढलेली शाळा, १८९६ मध्ये तिथे आलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, कापसानं थकलेली जमीन, भुईमूग आणि रताळी. अनेकांनी हे पुस्तक शाळेत असताना वाचलं आणि पुढे आपल्या मुलांच्या हातात दिलं. कार्व्हर ५ जानेवारी १९४३ रोजी गेले आणि तिथेच, बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना पुरलं. पुस्तक मिटलं की आपल्या मनातलं टस्कीगीही तिथेच थांबतं.

पण कार्व्हर यांच्या अखेरच्या सव्वा वर्षात त्या गावाच्या आसपासच्या आकाशात सकाळपासून घरघर चालू असे. उघड्या कॉकपिटची, दुहेरी पंखांची छोटी विमानं गवताच्या एका मैदानावरून उडत आणि पुन्हा तिथेच उतरत. त्यांत बसलेली, लष्करी वैमानिक व्हायला निघालेली कृष्णवर्णीय मुलं विशी-पंचविशीतली होती. त्यांचे आजे-पणजे गुलाम म्हणून जन्मले होते.

त्याच जातीचं, १९४४ साली बांधलेलं आणि त्याच मैदानावर राबलेलं एक विमान आज वॉशिंग्टन शहरात, स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृती संग्रहालयात टांगलेलं आहे. निळं अंग, पिवळे पंख. नाव बोइंग-स्टिअरमन, लष्करी खूण पीटी-१३डी. त्याला बंदूक नाही आणि शत्रूच्या हद्दीत ते कधी गेलं नाही. या इतिहासासाठी संग्रहालयाला या वैमानिकांनी पुढे युद्धात उडवलेलं, लाल शेपटीच्या मस्टँगसारखं देखणं लढाऊ विमान उभं करता आलं असतं. मान मिळाला तो शिकाऊ मुलांच्या विमानाला. ही निवड मला फार योग्य वाटते. या माणसांची सर्वांत अवघड लढाई इटलीच्या किंवा जर्मनीच्या आकाशात झाली नाही. ती अलाबामात, या विमानाच्या मागच्या सीटवर झाली.

तिची मुळं १९२५ सालच्या एका अहवालात सापडतात. अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजनं युद्धात कृष्णवर्णीयांचा उपयोग कसा करावा याचा अभ्यास करून तो लिहिला. कृष्णवर्णीय माणसाची कवटी लहान, मेंदू वजनानं हलका, धैर्य बेताचं, जबाबदारी पेलण्याची कुवत नाही, असं त्यात शास्त्राचा आव आणून मांडलं होतं. अशा माणसाच्या हाती विमान देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. खरं तर पुरावा तेव्हाही डोळ्यांसमोर होता. यूजीन बुलार्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन १९१७ मध्ये फ्रान्सच्या हवाई दलात उडाला होता. बेसी कोलमन या तरुणीला अमेरिकेतली एकही वैमानिक शाळा घेईना, तेव्हा ती फ्रेंच शिकली, समुद्र ओलांडून गेली आणि १९२१ मध्ये परवाना घेऊन परतली. मात्र निष्कर्ष आधीच ठरलेला असला की पुरावा अपवादाच्या खात्यात टाकता येतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा युक्तिवाद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी ‘लढाऊ जमात नाही’ असं म्हणत महारांची सैन्यभरती थांबवली होती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची एक पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. टस्कीगीत पहिली तुकडी विमान शिकत होती तीही याच महिन्यांत. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण ‘तुमच्या रक्तातच नाही’ हे वाक्य बेळगावला आणि अलाबामाला सारखंच ऐकवलं गेलं होतं.

अमेरिकेत दार किलकिलं झालं ते युद्धाच्या भीतीनं. १९३९ मध्ये सरकारनं नागरी वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली. कॉलेजातल्या मुलांना विमान चालवायला शिकवून ठेवायचं, म्हणजे उद्या लष्कराला लागले तर वैमानिक हाताशी असतील. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी आणि संघटनांनी रेटा लावला म्हणून काही कृष्णवर्णीय कॉलेजंही या योजनेत आली. टस्कीगी त्यांतलं एक. पण परवाना हाती आला तरी लष्कराच्या हवाई दलाचं दार बंदच होतं. हॉवर्ड विद्यापीठाच्या यान्सी विल्यम्स या विद्यार्थ्यानं आपला अर्ज फेटाळला जाण्याविरुद्ध जानेवारी १९४१ मध्ये कोर्टाचा रस्ता धरला. लगेचच, १६ जानेवारीला, युद्धखात्यानं जाहीर केलं की कृष्णवर्णीय वैमानिकांचं एक स्वतंत्र स्क्वाड्रन उभं केलं जाईल आणि त्यांचं शिक्षण टस्कीगीत होईल. स्वतंत्र म्हणजे वेगळं. वेगळी राहण्याची जागा, वेगळी तुकडी, वेगळं मैदान. हा ‘प्रयोग’ आहे असंच लष्करात म्हटलं जाई, आणि तो फसेल अशी पुष्कळांची खात्री होती.

टस्कीगीतला मुख्य शिक्षक चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन. सगळे त्यांना ‘चीफ’ म्हणत. जन्म १९०७ चा, पेन्सिल्व्हेनियातला. विमान शिकवायला कुणी तयार होईना, म्हणून बाविसाव्या वर्षी मित्र-नातेवाइकांकडून पैसे उसने घेऊन त्यांनी एक जुनं विमान विकत घेतलं आणि बरंचसं स्वतःच शिकून काढलं. पुढे पहिल्या महायुद्धात उडालेल्या एका जर्मन वैमानिकानं त्यांना हात दिला आणि १९३२ मध्ये व्यावसायिक परवाना मिळाला. डॉ. आल्बर्ट फोर्साइथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांना सोबत घेऊन १९३३ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनारा गाठला आणि परतही आले. पुढच्या वर्षी दोघं कॅरिबियन बेटांकडे निघाले, त्या विमानाचं नाव होतं ‘बुकर टी. वॉशिंग्टन’. स्वतः चोरून-मारून शिकावं लागलेला हा माणूस शिकवायला बसला, तेव्हा त्याच्या हाताखालून शेकडो मुलं जायची होती.

२९ मार्च १९४१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीला आल्या. रोझेनवाल्ड फंड या दानसंस्थेच्या त्या विश्वस्त होत्या. कृष्णवर्णीयांना विमान चालवता येत नाही असं आपण ऐकत आलोय, असं म्हणत त्या अँडरसन यांच्या विमानात बसल्या. सोबतची सुरक्षेची माणसं गडबडली, पण विमान उडालं, गावावरून घिरट्या घालून सुखरूप उतरलं आणि दोघांचा हसरा फोटो वर्तमानपत्रांतून छापून आला. या एका फेरीमुळे टस्कीगीच्या वैमानिकांचा जन्म झाला असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. तारखा पाहिल्या तर तसं दिसत नाही. युद्धखात्याची घोषणा दहा आठवडे आधीच झाली होती. पण त्या भेटीनं एक ठोस काम केलं. मैदान बांधायला टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेकडे पैसा नव्हता. रोझेनवाल्ड फंडानं १,७५,००० डॉलरचं कर्ज दिलं आणि संस्थेचे दुसरे प्रमुख रॉबर्ट मोटन यांच्या नावानं मोटन फील्ड उभं राहिलं.

उभं राहिलं म्हणजे काय, तर एक हँगर, थोड्या खोल्या, इंधनाची टाकी आणि भरपूर गवत. डांबरी किंवा काँक्रीटची धावपट्टी नव्हती. वारा ज्या दिशेचा असेल तिकडे तोंड करून गवतावरूनच उडायचं आणि गवतावरच टेकायचं. काही मैलांवर लष्कराचा मोठा तळ, टस्कीगी आर्मी एअर फील्ड, बांधला जात होता. त्याचं कंत्राट नॅशव्हिलच्या मॅकिसॅक अँड मॅकिसॅक या कृष्णवर्णीय बांधकाम कंपनीकडे होतं. शिक्षणाची विभागणी अशी होती: पहिला टप्पा मोटन फील्डवर, संस्थेच्या नागरी शिक्षकांकडे, तिथे तरलेला मुलगा पुढच्या दोन टप्प्यांसाठी लष्करी तळावर. पुढच्या टप्प्यांवरचे शिक्षक सुरुवातीला गोरे असत. पहिल्या टप्प्यावर बहुतेक कृष्णवर्णीय. म्हणजे आयुष्यातलं पहिलं उड्डाण ही मुलं आपल्याच माणसाच्या मागे बसून करत.

१९ जुलै १९४१ रोजी कॅम्पसवरच्या बुकर वॉशिंग्टन यांच्या पुतळ्यापाशी उद्घाटन झालं. गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरचं अज्ञानाचं वस्त्र ते उचलत आहेत, असा तो पुतळा आहे. समोर तेरा जण उभे होते, बारा कॅडेट आणि एक कॅप्टन.

आता विमानाकडे येऊ.

स्टिअरमन हे कॅन्ससमधल्या विचिटा शहरात बनणारं विमान. युद्धकाळात अशी आठ हजारांहून जास्त विमानं तयार झाली आणि लष्कर-नौदलाचे असंख्य वैमानिक त्यांवर शिकले. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी, आणि सगळ्यावर ताणून बसवलेलं, डोप फासून टणक केलेलं सुती कापड. कापसाच्या शेतात ज्यांच्या पिढ्या खपल्या, त्यांची मुलं आता कापसाच्याच पंखांवर उडत होती. पीटी-१३ मध्ये लायकमिंगचं नऊ सिलिंडरचं, २२० अश्वशक्तीचं इंजिन असे. पंखांची रुंदी दहा मीटरांना किंचित कमी. वेग फार तर ताशी दोनशे किलोमीटर. मोठ्या लढाऊ विमानापुढे हे खेळणंच, पण दणकट खेळणं. शिकाऊ मुलानं कसंही आदळलं तरी सहसा मोडायचं नाही.

इंजिन सुरू करायला बाहेरच्या माणसानं हँडल फिरवायचं. आतलं जड चाक आधी गुरगुरतं, मग किंचाळतं. पुरेसा वेग आला की क्लच जोडायचा आणि पंखा झटका देऊन फिरू लागतो. धुराचा लोट मागच्या सीटवर. मागच्या सीटवर विद्यार्थी, पुढच्या सीटवर शिक्षक. जमिनीवर असताना या विमानाचं नाक वर असतं, त्यामुळे मागच्याला समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. पुढे काय आहे ते कळावं म्हणून मैदानावरून जाताना नागमोडी वळणं घेत, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून डोकावत जावं लागतं. चाकांतलं अंतर कमी आहे. उतरताना पायातल्या रडरवर जरा दुर्लक्ष झालं की विमान गर्रकन स्वतःभोवती फिरतं आणि पंखाचं टोक जमीन खरवडतं. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. उतरून विमान थांबेपर्यंत शिकाऊ वैमानिकाला श्वास सोडता येत नाही.

दोघांमध्ये रेडिओ नव्हता. शिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत एक रबरी नळी, बस. तिच्यातून आवाज एकाच दिशेनं जाई. शिक्षक बोले, विद्यार्थी ऐके. उत्तर द्यायची सोय नव्हती. वरच्या पंखाला लावलेल्या छोट्या आरशात शिक्षकाला मागचा चेहरा दिसे. मान डोलावली की समजलं, डोळे विस्फारले की नाही समजलं. अशा अवस्थेत मुलाला आधी सरळ उडायला, वळायला शिकवत. मग विमानाचा वेग मुद्दाम इतका कमी करत की ते हवेत ढिलं पडून खाली कोसळू लागे. मग गिरक्या घेत खाली जाणारं विमान सावरायला शिकवत. आठ-दहा तासांनंतर कधीतरी एके दिवशी शिक्षक मैदानावर विमान थांबवून पुढच्या सीटवरून उतरे, पट्टे बांधून ठेवी आणि ‘जा’ अशी हातानं खूण करी. समोरची सीट रिकामी. एकट्याचं पहिलं उड्डाण.

पहिल्या टप्प्यात साधारण साठ तास उडायचं असे, मधूनमधून परीक्षा. परीक्षेची उड्डाणं लष्कराचे अधिकारी घेत आणि त्यांच्या एका शब्दावर मुलगा बाहेर जाई. बाहेर पडलेल्याला ‘वॉशआउट’ म्हणत. गोऱ्या मुलांच्या शाळांतही अनेकजण बाहेर पडत. हे काम अवघडच आहे. पण तिथे नापास झालेला मुलगा एकटाच नापास होई. टस्कीगीत नापास झालेला मुलगा १९२५ च्या अहवालाच्या बाजूनं साक्ष देऊन जातो की काय, ही भीती प्रत्येकाच्या मानेवर असे. या ओझ्याचं माप कुठल्या मीटरवर दिसत नाही, पण मागच्या सीटवर त्याचं वजन होतंच.

पहिल्या तेरांपैकी ७ मार्च १९४२ रोजी पाच जणांच्या छातीवर पंख लागले: बेंजामिन ओ. डेव्हिस ज्युनिअर, लेमुएल कस्टिस, चार्ल्स डिबो, जॉर्ज रॉबर्ट्स आणि मॅक रॉस. यांतले डेव्हिस म्हणजे उद्घाटनाला उभे असलेले ते कॅप्टन. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षं एकही सहाध्यायी त्यांच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलला नव्हता. खोलीत एकटे, जेवणाच्या टेबलावर एकटे. १९३६ मध्ये ते २७६ जणांत पस्तिसावे आले. हवाई दलात जाण्याचा त्यांचा अर्ज मात्र आधीच नाकारला गेला होता, कारण ते जिथे काम करतील अशी कृष्णवर्णीयांची तुकडीच नव्हती. सप्टेंबर १९४१ मध्ये मोटन फील्डवरून ते एकट्यानं उडाले. ज्या माणसाला चार वर्षं गप्प बसवलं गेलं होतं, त्यानं एका मुक्या नळीच्या शेवटाला बसून शिकावं आणि मग त्या रिकाम्या आकाशात जावं, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मैदानाबाहेर अलाबामाच होता. पाण्याचे नळ, बसमधल्या जागा, हॉटेलं, सिनेमा, सगळं वेगळं. लष्करी तळावरही सुरुवातीच्या एका कमांडरनं ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशा पाट्या लावल्या होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये नोएल पॅरिश हे दक्षिणेतलेच गोरे अधिकारी कमांडर झाले आणि त्या पाट्या गेल्या. पॅरिश आधीपासून इथल्या मुलांना उडताना पाहत आले होते. कृष्णवर्णीय कसे उडतात, असं कुणी विचारलं तर या प्रश्नालाच अर्थ नाही हे त्यांना विमानात बसून कळलं होतं. बायकाही या कामात होत्या. पॅराशूट घडी घालून बांधणं, कपड्याची शिवण दुरुस्त करणं, कार्यालय सांभाळणं. मिल्ड्रेड हेमन्स या टस्कीगीच्याच विद्यार्थिनीनं वैमानिकाचा परवाना मिळवला होता. महिला वैमानिकांच्या दलानं तिला घेतलं नाही.

वैमानिक तयार झाले, त्यांची विमानं सांभाळणारे मेकॅनिक इलिनॉयमध्ये शिकून आले, पण त्यांना पाठवायचं कुठे हे कुणी ठरवेना. ९९ वं स्क्वाड्रन तयार होऊन महिनोन्‌महिने टस्कीगीतच घिरट्या घालत राहिलं. एप्रिल १९४३ मध्ये ते अखेर उत्तर आफ्रिकेला रवाना झालं. २ जूनला पहिली मोहीम, २ जुलैला चार्ल्स हॉलनं पहिलं जर्मन विमान पाडलं. सप्टेंबरात वरिष्ठांनी वॉशिंग्टनला कळवलं की या तुकडीत लढण्याची जिद्द दिसत नाही. डेव्हिस यांना मायदेशी येऊन चौकशी समितीपुढे उभं राहावं लागलं. जानेवारी १९४४ मध्ये इटलीतल्या अँझियोवर दोन दिवसांत स्क्वाड्रननं डझनभर जर्मन विमानं खाली आणली आणि तो विषय बंद झाला.

पुढचं बऱ्याच जणांना सिनेमांमुळे माहीत आहे. डेव्हिस यांच्या नेतृत्वाखालचा ३३२ वा फायटर ग्रूप, विमानांच्या लाल शेपट्या, इटलीतल्या रामितेल्लीहून जर्मनीवर जाणाऱ्या बॉम्बर विमानांना दिलेलं संरक्षण. २४ मार्च १९४५ रोजी थेट बर्लिनपर्यंत आणि परत, सुमारे सोळाशे मैल. त्या दिवशी या वैमानिकांनी तीन जर्मन जेट पाडली. त्यांच्या रक्षणाखालचं एकही बॉम्बर शत्रूनं कधी पाडलं नाही, असंही वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. हवाई दलाच्या इतिहासकारांनी कागद तपासले तेव्हा सत्तावीस बॉम्बर पडल्याचं दिसलं. इतर ग्रूपांच्या सरासरीपेक्षा ही संख्या बरीच कमी आहे. मला ही दुरुस्ती आवडते. दंतकथेत ते देवदूत होते. कागदांत ते उत्तम वैमानिक आहेत, आणि त्यांना सिद्ध करायचं होतं ते एवढंच.

आता आपल्या विमानाचा प्रश्न येतो, आणि इथेच मला खरं थांबायचं आहे.

संग्रहालयातलं स्टिअरमन १९४४ चं आहे. ते मोटन फील्डवर आलं तेव्हा डेव्हिस, रॉबर्ट्स, हॉल हे सगळे केव्हाच समुद्रापार होते. प्राथमिक टप्प्यापासून पंख मिळेपर्यंत सात-आठ महिने लागत. त्यापुढे लढाऊ विमानाचं वेगळं शिक्षण. १९४४ मध्ये या विमानाच्या मागच्या सीटवर बसलेला मुलगा तयार होईपर्यंत १९४५ उजाडलेलं असे, आणि मे महिन्यात युरोपातलं युद्ध संपलं. म्हणजे या विमानानं घडवलेल्या बहुतेकांच्या वाट्याला बर्लिन आलं नाही आणि जेटही आलं नाही. टस्कीगीत १९४२ ते १९४६ या काळात ९९२ वैमानिक तयार झाले. परदेशात लढाऊ वैमानिक म्हणून गेले ३५५. उरलेल्या सहाशेहून अधिक जणांबद्दल कोणी सिनेमा काढत नाही.

हे उरलेले रिकामे बसले नव्हते. कृष्णवर्णीयांचा एक बॉम्बर ग्रूपही उभा केला होता, ४७७ वा. त्याला एका तळावरून दुसऱ्या तळावर इतकं फिरवत ठेवलं की युद्ध संपेपर्यंत तो लढाईवर गेलाच नाही. एप्रिल १९४५ मध्ये इंडियानातल्या फ्रीमन फील्डवर याच ग्रूपचे अधिकारी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या ऑफिसर्स क्लबात शांतपणे शिरले आणि अटक करून घेतली. क्लब वेगळे ठेवणाऱ्या नियमावर सही करायचा हुकूम झाला, तेव्हा १०१ अधिकाऱ्यांनी सही नाकारली. युद्धाच्या काळात वरिष्ठाचा थेट हुकूम मोडण्याची शिक्षा काय असू शकते हे त्यांना माहीत होतं. बहुतेक सगळे सुटले. काहींच्या नोंदवहीत मात्र ठपका राहिला, तो १९९५ मध्ये पुसला गेला. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातली वर्णभेदाची वाटणी मोडण्याचा आदेश काढला. त्यामागे लाल शेपट्यांचा पराक्रम आहे, तशीच फ्रीमन फील्डवरची न केलेली सहीही आहे. स्टिअरमनच्या शेवटच्या टप्प्यातल्या मुलांची लढाई ती होती.

टस्कीगीच्या लष्करी तळावरची शेवटची तुकडी जून १९४६ मध्ये बाहेर पडली. तळ बंद झाला. स्टिअरमन विमानं भंगाराच्या भावात विकायला निघाली. शेतावर औषध फवारणाऱ्यांनी ती हजारोंनी घेतली. पुढची सीट, शिक्षकाची, काढून तिथे औषधाचा हौद बसवायचा, मोठं इंजिन लावायचं, आणि पिकाला जवळजवळ टेकून उडवायचं. ज्या बोंडभुंग्यानं दक्षिणेचा कापूस खाल्ला आणि ज्यामुळे कार्व्हर शेतकऱ्यांना भुईमूग लावा म्हणून सांगत फिरले, त्याच्यावर औषध मारण्याचं कामही या विमानांनी केलं. आपल्या विमानाच्या वाट्यालाही फवारणीच आली. मग अपघात, मग कुठेतरी पडलेले तुकडे. मोटन फील्ड त्याच्या अंगावरून पार पुसलं गेलं.

२००५ मध्ये अमेरिकन हवाई दलातल्या एका कॅप्टननं आणि त्याच्या पत्नीनं हे तुकडे इंटरनेटवरच्या लिलावात विकत घेतले. जुनं विमान स्वतःच्या हातानं उभं करायची त्याला हौस होती, इतकंच. काम चालू असताना त्यानं विमानाचा क्रमांक लष्कराच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहायला पाठवला आणि उत्तर आलं: टस्कीगी. हौसेच्या कामाची जबाबदारी झाली. तीनेक वर्षांनी ते पुन्हा उडालं, निळं अंग आणि पिवळे पंख घेऊन. त्यानं त्याला नाव दिलं ‘स्पिरिट ऑफ टस्कीगी’.

पुढे तो ते घेऊन कार्यक्रमांना जाऊ लागला आणि टस्कीगीत शिकलेले ऐंशी-नव्वदीचे म्हातारे काठी टेकत त्याच्याजवळ येऊ लागले. ते कापडावर हात फिरवत आणि उंच नाकाकडे पाहत. काहींना त्यानं पुन्हा मागच्या सीटवर बसवून वर नेलं. मागच्या कॉकपिटच्या पाठीशी सामान ठेवायचा एक छोटा कप्पा आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला या वैमानिकांनी एकेक करून सह्या केल्या.

स्मिथसोनियननं विमान घ्यायचं ठरवल्यावर ते पेटीत घालून पाठवलं गेलं नाही. २०११ च्या उन्हाळ्यात त्याच कॅप्टननं ते कॅलिफोर्नियातून उडवत नेलं. उघड्या कॉकपिटमधून, टप्प्याटप्प्यानं, डोंगर आणि वाळवंट ओलांडत वॉशिंग्टनपर्यंत. वाटेत त्यानं अलाबामाकडे वळण घेतलं. मोटन फील्ड अजून आहे. जुना हँगर दुरुस्त करून तिथे राष्ट्रीय स्मारक केलं आहे आणि शेजारी लहान विमानांचा विमानतळ चालू आहे. चीफ अँडरसन म्हातारे होईपर्यंत याच गावात विमान शिकवत राहिले आणि १९९६ मध्ये इथेच गेले.

त्या मैदानावर हे स्टिअरमन उतरलं. नाक वर, समोरचं काही दिसत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे डावीकडून उजवीकडून डोकावत, नागमोडी वळणं घेत ते जुन्या हँगरकडे गेलं.